कोनाड्यातील सुगंध

मराठी भाषेने नाकाला मान पुष्कळ दिला, काम मात्र फारसे दिले नाही. आपण नाक मुरडतो, दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसतो, नाकाने कांदे सोलतो, कोणाच्या नाकावर टिच्चून एखादी गोष्ट पार पाडतो आणि नाकी नऊ आले म्हणजे कोणाच्या तरी दारी नाक घासतो. या साऱ्या वाक्प्रचारांत नाक वर होते, खाली होते, क्वचित कापलेही जाते. पण वास घेताना ते अपवादानेच आढळते. वासाच्या शब्दांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. अन्न बिघडले, कपडा ओलसर राहिला, भांडे नीट घासले गेले नाही, तर आपल्याजवळ नेमके शब्द तयार असतात : खवट, कुबट, आंबूस, करपट, ओशट, हिंवस. सुवासाकडे वळावे, तर एक ‘खमंग’ सोडला की हात आखडतो. सुवास, परिमळ, दरवळ, घमघमाट हे शब्द सुगंध किती आणि कसा पसरला ते सांगतात. तो कसला आहे, हे सांगावयाचे झाल्यास त्या वस्तूचेच नाव घ्यावे लागते. मोगऱ्याचा वास, चंदनाचा वास, पहिल्या पावसाचा वास. याच भाषेची थोरवी गाताना गोव्यातील फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फुलाची आणि सुगंधाची उपमा योजावी, ही त्यातली मौज.

मला या विषयाकडे वळविले ते एका उणिवेने. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, इंदुरातील इतर अनेक कुटुंबांप्रमाणे आमचे घरही आजारी पडले. ताप आठवड्याभरात उतरला; पण गंधज्ञान गेले ते परत येईना. शेगडीवरचे दूध करपून काळे होई आणि शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसलेल्या मला त्याचा पत्ताही नसे. चहा म्हणजे गरम गोड पाणी आणि आमटी म्हणजे गरम खारट पाणी, एवढाच भेद उरला. हे सारे सोसता आले. सोसले नाही ते वेगळेच. आईला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. तिची नऊवारी लुगडी एका पत्र्याच्या पेटीत वाळ्याच्या जुड्या घालून ठेवलेली आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात ती पेटी उघडावयाची, लुगडी उन्हे दाखवून पुन्हा ठेवावयाची, हा आमच्या घरचा परिपाठ. त्या वर्षी मी पेटी उघडली आणि तीत कापडाखेरीज काहीच नव्हते.

वैद्यकशास्त्राने या आजाराचा पुष्कळ शोध घेतला आहे. नाकपुडीच्या छताशी टपालाच्या तिकिटाएवढे एक पटल असते. त्यातील मज्जापेशींवर निरनिराळ्या गंधरेणूंना ओळखणारी प्रथिने असतात. माणसाच्या ठायी त्यांचे सुमारे ४०० प्रकार आढळतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली हा शोध प्रसिद्ध केला व २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाचा विषाणू बहुधा या मज्जापेशींवर प्रत्यक्ष हल्ला न करता त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी बिघडवितो, असे २०२० पासूनच्या संशोधनात दिसून आले. दिलाशाची गोष्ट अशी, की गंधाच्या मज्जापेशी जन्मभर नव्याने उगवत राहतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी २००९ साली एक साधा व्यायाम मांडला होता : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून, तीन महिने घ्यावयाचे. डॉक्टरांनी मला तोच सांगितला.

चार बाटल्यांचा हा पाठ गिरवता गिरवता मी कंटाळलो. इयत्ता पहिलीतले बाळही एकाच धड्यावर तीन महिने बसत नाही. तेव्हा घरातील अत्तरांचा डबा काढला. त्यात कनौजच्या वाळा, मोतिया आणि हिना यांच्या छोट्या कुप्या होत्या. पॅरिसजवळ नोकरीस असलेल्या भाचीला हे कळले, तेव्हा तिने तिकडच्या काही सुगंधांचे नमुने पाठविले. प्रत्येकी दोन मिलिलिटर, सुईच्या कुपीएवढे. मी एक वही घातली. एका आठवड्याला एकच सुगंध, डाव्या मनगटावर, सकाळी शाळेस निघताना लावावयाचा; आणि प्रार्थनेच्या वेळी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर व रात्री निजताना अशा चार नोंदी करावयाच्या. ती वही आजही चालू आहे. पुढील मजकूर तिच्यातूनच निघालेला आहे.

भाचीने पाठविलेल्या सुगंधांना तिकडे ‘निश’ म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘भिंतीतील कोनाडा’. मोठमोठ्या पेढ्यांची, जाहिरातींतून घरोघर पोहोचणारी अत्तरे हा बाजाराचा दिवाणखाना मानला, तर थोड्या रसिकांसाठी, थोड्या प्रमाणात, वेगळ्या चवीने केलेले सुगंध हे त्याच्या भिंतीतील कोनाडे. पॅरिसमध्ये तिघा मित्रांनी १९६१ साली काढलेले ‘दिप्तिक’, ज्याँ लापोर्त यांनी १९७६ साली काढलेले ‘लार्तिझाँ परफ्यूमर’ ही त्यांतील जुनी नावे. २००० साली फ्रेदेरिक माल यांनी आपल्या पेढीच्या कुप्यांवर सुगंध घडविणाऱ्या कारागिराचे नाव छापावयास प्रारंभ केला. पुस्तकावर लेखकाचे नाव असावे तसे ते. एका कुपीची किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्या पैशांत वर्षाची उदबत्ती येईल.” मग थोडा विचार करून त्यांनी दुरुस्ती केली, “वर्षाची कसली, जन्माची.”

आता सुगंधांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. अत्तर ही वस्तू एकाच वेळी सगळी हाती येत नाही. तीत हलके रेणू असतात, तसे जडही असतात. लिंबू, संत्रे यांचे हलके रेणू काही मिनिटांत उडून जातात. फुलांचे काही तास टिकतात. लाकूड, डिंक, कस्तुरीसारखे गंध संध्याकाळपर्यंत रेंगाळतात. मद्यार्कात मिसळलेला विलायती सुगंध अंगावर येताच झेप घेतो. तेलात उतरविलेले आपले अत्तर अंगाच्या उबेने सावकाश उमलते. म्हणूनच दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून सुगंधाची परीक्षा करणे म्हणजे पहिले पान वाचून कादंबरीवर अभिप्राय देणे होय. सुगंध अंगावर घेऊन दिवस घालवावा लागतो, आणि मोडक्या नाकाच्या माणसाला या सावकाशपणाचाच उपयोग झाला. सकाळी जे मला कळले नाही, ते कधी कधी दुपारी कळले.

प्रथम गोड सुगंधांविषयी. भाचीच्या नमुन्यांत सर्ज ल्युतांस यांच्या नावाने २००३ मध्ये निघालेला ‘अँ ब्वा व्हानीय’ होता. म्हणजे व्हॅनिला आणि लाकूड यांची सांगड. व्हॅनिला ही मेक्सिकोची वेल. ती इतरत्र लावली तर फुले येत, शेंगा धरत नसत. हिंदी महासागरातील रेयूनियों बेटावर १८४१ साली एदमों आल्ब्युस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने फुलाचे परागण करून दाखविले, आणि जगभरच्या लागवडीला वाट मिळाली. पुढे १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी पाइन वृक्षाच्या रसातील एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. आज स्वस्त आइस्क्रीमपासून महाग अत्तरापर्यंत तेच द्रव्य भेटते.

हा सुगंध मी जानेवारीच्या थंडीत लावला. पहिल्या तासात पाक करपण्याच्या बेतात असलेली साखर. मग किंचित ज्येष्ठमध आणि खोबरे. दुपारनंतर गोडवा ओसरून खाली कोरडे, उबदार लाकूड उरते. गोड वासाचे एक कोडे मला या आठवड्यात जाणवले. साखरेला स्वतःचा वास नसतो. ज्या वासाला आपण गोड म्हणतो, तो गोड पदार्थांच्या संगतीने गोड ठरलेला असतो. आपल्या पंक्तीत ती संगत वेलदोडा, जायफळ आणि केशर यांची; त्यांच्या पंक्तीत व्हॅनिलाची. त्यामुळे त्यांच्या गोडात मला नेहमी बेकरी दिसते, सणाचे ताट दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र असे भेद मान्य नव्हते. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा माझ्या टेबलाजवळ आला, इकडेतिकडे पाहू लागला आणि आशेने विचारता झाला, “सर, आज खीर बनी है क्या?” त्या दिवशी मध्यान्ह भोजनात खिचडी होती. मुलाची निराशा झाली. पण सात हातांवरून कोणाला तरी गोड वास आला, म्हणजे आपण लावलेले प्रमाण अधिक आहे, एवढा बोध त्या प्रश्नाने दिला. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या थेंबावर आलो.

फुलांच्या सुगंधांचा अनुभव याहून कठीण होता. त्याच ल्युतांस यांचा २००० सालचा ‘आ ला न्युई’ हा जाईच्या कुळातील फुलांना वाहिलेला आहे. नावातच रात्र आहे. जाई, मोगरा, कुंद ही फुले सायंकाळी उमलतात व अंधारात दरवळतात. कारण त्यांना ज्यांचा पाहुणचार करावयाचा, ते पतंग रात्री हिंडतात. या फुलांच्या गंधात ‘इंडोल’ नावाचे एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. तेच द्रव्य विष्ठेच्या दुर्गंधातही सापडते. फुलात ते नसेल, तर मोगरा साबणासारखा गुळगुळीत लागतो. असेल, तर त्याला ती रात्रीची, किंचित घेरी आणणारी खोली येते. गंधज्ञान परत येताना पुष्कळांना वास विपरीत लागतात, आणि माझीही तीच गत झाली होती. कांद्याची फोडणी मला नासल्यासारखी वाटे. या जाईच्या बाबतीत पहिले दोन दिवस मला फुलातले फूल लागलेच नाही. लागला तो केवळ मागचा जनावरी दर्प. वहीत मी लिहिले आहे : “गोठा. दूरचा.” तिसऱ्या दिवशी गोठ्यापलीकडे काहीतरी ओले, हिरवे होते. सहाव्या दिवशी रात्री पांघरूण वर ओढताना मनगट नाकाशी आले आणि पूर्ण फूल एका क्षणापुरते उभे राहिले. मी उठून दिवा लावला आणि नोंद केली. सौभाग्यवतींनी विचारले, “काय झाले?” मी म्हणालो, “जाई आली.” त्यांनी त्या नावाची कोणी पाहुणी आठवून पाहिली असावी.

पुढच्या आठवड्यात कनौजचा मोतिया लावला. उत्तर प्रदेशातील या गावच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील देग-भपक्याची रीत आजही चालू आहे. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालावयाचे, झाकण माती व कापसाने लिंपून घट्ट करावयाचे, खाली लाकडांचा जाळ घालावयाचा. वाफ बांबूच्या चोंग्यातून शेजारच्या पाण्याच्या हौदात बसविलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. फुलाचा गंध त्यात मुरतो. आच किती, भपका कधी बदलावयाचा, हे कारागीर हाताच्या स्पर्शाने ठरवितो. त्यामुळे मोतियाच्या अत्तरात मोगऱ्यामागे चंदन उभे असते. पॅरिसची जाई खोलीत शिरते आणि सर्वांना आपली ओळख करून देते. कनौजचा मोगरा माझ्या मनगटापलीकडे फारसा गेला नाही. मला दोन्ही आवडले. वर्गात न्यावयाचा मात्र दुसराच.

लाकडी सुगंधांत मी सर्वांत रमलो. दिप्तिकचा २००३ सालचा ‘ताम दाओ’ हे नाव व्हिएतनाममधील एका पर्वतराजीवरून घेतलेले आहे. त्यात चंदन आहे, तसे सीडर आणि सायप्रस यांची लाकडेही आहेत. पहिल्याच सकाळी मला त्यातील सीडर स्पष्ट कळले, आणि त्याचे श्रेय माझ्या पेशाला आहे. पूर्वी चांगल्या पेन्सिली सीडरच्या लाकडाच्या करीत. टोक काढताना जो कोरडा, नितळ वास येई, तो बत्तीस वर्षे माझ्या नाकाने अभ्यासलेला होता. आजाराने झाकलेल्या स्मृतीत तो जसाच्या तसा जागेवर होता. दुपारी सीडर मागे सरले आणि चंदन आले : मऊ, दुधाळ, पण काहीसे परके. घरी येऊन मी सहाण घेतली, देवघरातील खोड चार वेळा फिरविले आणि दोन्ही वास शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कुपीतले चंदन कोरडे व सडपातळ. सहाणेवरचे ओले, थोडे आंबूस, थोडे मातकट. पाण्याने आणि दगडाने त्याला जे येते, ते मद्यार्काला साधत नाही. आणि कुपीतल्या चंदनाने साऱ्या दिवसभर जी सोबत केली, ती गंधाच्या टिळ्याला साधत नाही.

चंदनाची कथा मोठी आहे. हा वृक्ष अर्धपरजीवी. शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेतो. त्याच्या गाभ्यात सुगंध भरावयास पंधरा ते तीस वर्षे लागतात. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये त्याला राजवृक्ष ठरविल्याचे सांगतात. म्हैसूर संस्थानाने १९१६ च्या सुमारास चंदनतेलाचा उद्योग उभारला. पुढे बेसुमार आणि चोरटी तोड झाली. स्वतःच्या जमिनीवरील चंदनाची मालकी शेतकऱ्याला देणारे बदल कर्नाटकात २००१ साली व तमिळनाडूत २००२ साली झाले. आज आपल्याच जातीच्या चंदनाच्या मोठ्या बागा पश्चिम ऑस्ट्रेलियात कुनुनरा येथे उभ्या आहेत. भाव इतका चढला, की कनौजच्या पुष्कळ भपक्यांत आता चंदनतेलाऐवजी द्रव पॅराफिन असते. तेव्हा चंदनतेलावर उतरविलेले अत्तर आणि साधे अत्तर यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असावयाचे, यात नवल नाही. विकत घेताना “यातले तेल कोणते?” हा प्रश्न अवश्य विचारावा.

वही लिहिता लिहिता मला शब्द अपुरे पडू लागले आणि मी जुन्या ग्रंथांकडे वळलो. आमच्या माळव्याला याचा अभिमान वाटावा असे बरेच तेथे आहे. उज्जयिनीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ रचली. तिच्यात ‘गंधयुक्ति’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा गंधद्रव्यांतून चार-चार निवडली तर किती मिश्रणे होतील, याचा हिशेब त्याने १८२० असा दिला आहे. आजच्या अकरावीच्या गणितातील सूत्राने तो ताडून पाहावा, बिनचूक आहे. चार द्रव्यांचे प्रमाण एक, दोन, तीन, चार भाग असे पालटले, तर प्रत्येक चौकडीचे आणखी चोवीस प्रकार होतात. जगात संयोगगणिताच्या इतिहासात हा उतारा मानाने उल्लेखिला जातो, आणि त्याचे निमित्त अत्तर आहे.

मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर लेख लिहून एक विसरलेले दालन उघडले. त्यांच्या पाहण्यात आलेल्या हस्तलिखितात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ होते. त्यांतील ‘गंधवादा’वर मराठीत टीका आहे! हे दोन्ही ग्रंथ रामकृष्ण तुळजाराम व्यास यांच्या संपादनाखाली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९८९ साली प्रसिद्ध केले. ‘गंधसारा’त सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यांतील वासन ही क्रिया मला विशेष भावते. द्रव्याला फुलांच्या सहवासात ठेवावयाचे, म्हणजे फुलांचा गुण त्याला लागतो. तिळांचे थर फुलांच्या थरांत ठेवून मग ते गाळावयाचे, ही चमेलीच्या तेलाची जुनी रीत याच तत्त्वावर चालते. म्हणजे ज्या भाषेत सुगंधाला शब्द नाहीत म्हणून मी लेखाच्या आरंभी कुरकुर केली, त्या भाषेत कोणे एके काळी कोणी सुगंधाचा संपूर्ण पाठ समजावून दिला होता. शब्द होते. वापरणारे पांगले.

म्हणून मी एक छोटा उपक्रम चालविला आहे. रविवारी सकाळी आमच्याकडे ओळखीच्या घरांतील चार-सहा मराठी मुले वाचनास येतात. घरी मराठी ऐकणारी, शाळेत हिंदी-इंग्रजी बोलणारी ही मुले. वाचन संपल्यावर पाच मिनिटे डोळे मिटावयाचे. मी एकेक डबी नाकाशी धरतो : ओवा, बडीशेप, लवंग, वाळा, कधी हिन्याचा फाया. वस्तूचे नाव न घेता वास कसा आहे, ते मराठीत सांगावयाचे. प्रारंभी सगळ्यांचे उत्तर एकच असे, “मस्त.” आता तसे राहिलेले नाही. हिन्याचा वास “आजोबांच्या कोटासारखा, पण कोट नुकताच काढलेला” असतो, हे मला एका आठ वर्षांच्या मुलीने शिकविले. दुसऱ्याने लवंगेला “टोचरा” म्हटले. हा शब्द कोशात वासासाठी नसेल. मी तो वहीत घेतला आहे.

सुगंध लावण्याची रीतही आपल्याकडे होतीच. हळदीकुंकवाला किंवा लग्नाच्या मांडवात अत्तरदाणी फिरे, हाताच्या पाठीवर एक बोट लावले जाई, गुलाबदाणीतून चार थेंब शिंपडले जात. अत्तर-गुलाब आणि पान-सुपारी झाली, की समारंभ संपला असे समजावयाचे. पुरुषमंडळी कानाच्या पाळीत फाया खोचीत. या साऱ्या रीतींत प्रमाण बांधलेले होते. आजही तेच पाळावे. मद्यार्काचा सुगंध एक फवारा, तेलाचे अत्तर अर्धा थेंब. हात लांब केला तर दुसऱ्याला कळू नये, जवळ बसला तर कळावे. रुग्णाच्या भेटीस, दम्याच्या माणसाकडे आणि जेवणाच्या पंक्तीला सुगंध लावून जाऊ नये. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब. पावसाळ्यात मातीचे अत्तर. थंडीत हिना, ऊद आणि गोड सुगंध. कुपी उन्हापासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. आणि कोणी कितीही आग्रह केला, तरी नवा सुगंध एक दिवस अंगावर वागविल्याविना विकत घेऊ नये.

मातीच्या अत्तराचा उल्लेख आला, म्हणून थोडे त्याविषयी. कनौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालून पहिल्या पावसाचा वास उतरवितात. ऑस्ट्रेलियातील इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी या भारतीय अत्तराची दखल घेतली होती. ते अत्तर मी २०२२ च्या जूनमध्ये लावले आणि पाऊस येण्याआधी आठ दिवस शाळेत पाऊस घेऊन गेलो.

आता हिशेब. वहीतील नोंदींप्रमाणे लाकूड सर्वांत आधी परत आले, मग मसाले, मग गोड वास. फुले शेवटी आणि अर्धीमुर्धी आली. कांद्याची फोडणी सुधारली आहे. केवडा मला अजून लागत नाही, आणि बकुळ काही दिवस लागते, काही दिवस लागत नाही. सुगंधांनीच हे घडविले असे मी म्हणणार नाही; काळ गेला आणि पेशी नव्याने उगवल्या. पण रोज चार वेळा थांबून, आपल्या मनगटाला “तू आता कसा आहेस?” असे विचारण्याची सवय लागली, ती त्यांच्यामुळे. गेल्या उन्हाळ्यात आईची पेटी उघडली, तेव्हा वाळा होता. त्याच्या खाली आणखी काहीतरी होते, जुन्या सुती कापडाचे, थोडे हळदीसारखे. त्याला मला शब्द सापडला नाही. रविवारच्या मुलांना विचारणार आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी, इंदुरास, ग्वाल्हेरीस, बडोद्यास, बेळगावास, एखाद्या कपाटात अशी एखादी कुपी, एखादी अत्तरदाणी धूळ खात असेल. ती उघडावी, पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर एक बोट लावावे, आणि घरातील लहान मुलाला विचारावे, वास कसा आहे? “मस्त” एवढ्यावर त्याला सोडू नये.